जित्या बाजाराचा दहावा

नगरात हल्ली कुणाकडंही चहाला बसलं की पहिल्या घोटाला पावसाचा विषय निघतो, दुसऱ्याला राजकारणाचा, आणि कप खाली ठेवता ठेवता कापड बाजार मरतो. मरतो कसला, बसलेले सगळे मिळून त्याला मारतात. एकजण म्हणतो, "काय राहिलंय आता तिथं?" दुसरा 'च्च' करतो. तिसऱ्यानं नुकताच उपनगरात, सावेडीत फ्लॅट घेतलेला असतो, तो निकाल देऊन टाकतो: "दहा वर्षं. फार तर दहा. मग सगळी कुलपं." हे भविष्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतोय. त्यातली दहा वर्षं काही अजून भरलेली नाहीत.

या मंडळींचं म्हणणं काही न गाळता मांडतो, उगाच मी सोयीचं तेवढं घेतलं असं व्हायला नको. कपडा आता मोबाइलवर मिळतो, घरपोच आणि स्वस्त. बाजारात गाडी लावायला जागा नाही. फेरीवाल्यांनी रस्ता गिळलाय. चांगली दुकानं गुलमोहर रोडला, पाइपलाइन रोडला, मनमाड रोडला गेली. ज्याच्या खिशात पैसा आहे तो पुण्याला जातो. मागं उरलीत ती जुनी दुकानं, त्यांची गादी सांभाळायला पुढची पिढी तयार नाही. तेव्हा शहाण्यानं आताच जागा विकून मोकळं व्हावं आणि महापालिकेनं तो सगळा जुना कचरा पाडून काहीतरी 'मॉडर्न' उभारावं. हे सगळं दुःखानं सांगितलं जातं म्हणावं, तर तसंही नाही. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं आणि घरच्यांनी ऐकलं नाही, असा एक समाधानाचा सूर त्यात असतो.

मला एवढंच विचारायचंय, तुम्ही तिथं शेवटचं कधी गेला होतात? गणपतीत आरास बघायला नव्हे, खरेदीला?

या बाजाराचा दहावा घालण्याची हौस नवी नाही. इंग्रजांच्या 1884च्या गॅझेटियरात नगरच्या हातमागावरच्या लुगड्यांचं मोठं वर्णन आहे. ते माग बसले तेव्हा बाजार संपला असं लोक म्हणाले असणारच. बाहेरच्या गिरण्यांचं कापड आलं, बाजार तेच विकायला लागला. 1972चा दुष्काळ पडला. मग रेडिमेड आलं आणि म्हणाले, आता ताग्यातून कापड फाडून घेऊन शिंप्याकडं जाणार कोण? 8 नोव्हेंबर 2016ला नोटा गेल्या, 1 जुलै 2017ला जीएसटी आला, मार्च 2020मध्ये शटर खाली आलं ते महिनोन् महिने खालीच राहिलं. 1 जानेवारी 2022पासून कापडावरचा कर 5 टक्क्यांवरून 12 टक्के होणार होता, तो आदल्या दिवशी, 31 डिसेंबरला लांबणीवर पडला. एवढ्या वेळा तिरडी बांधली गेली, आणि पेशंट दर वेळी उठून गादीवर बसून "या, बसा, काय दाखवू?" म्हणतोय. अशा वेळी वैद्याच्याच पदवीबद्दल शंका घ्यावी की नाही?

घोळ कुठं आहे ते सांगतो. हे लोक बाजाराचं भवितव्य काढतात ते स्वतःकडं बघून. मी जात नाही, माझी सून जात नाही, माझ्या सोसायटीतलं कुणी जात नाही, म्हणजे कुणीच जात नाही. अरे बाबा, तू त्या बाजाराचं गिऱ्हाईक होतासच कधी? 2011च्या जनगणनेत नगर शहराची लोकसंख्या साडेतीन लाख भरली आणि जिल्ह्याची 45 लाख. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर, क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. त्यातले उत्तरेकडचे संगमनेर, अकोले, कोपरगाव सोडून द्या. ते नगरला कोर्टकचेरीपुरते येतात, लुगड्याला नाशिक-येवल्याला जातात, आणि तसं पूर्वीपासून आहे. पण पाथर्डी, शेवगाव, नेवासा, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, आणि जिल्ह्याची शीव ओलांडून बीडकडचं आष्टी, पाटोदा, या सगळ्या मुलखाचं 'बाजाराला जायचं' म्हणजे नगरला जायचं. कापड बाजार उभा आहे तो या मुलखावर.

परवाच्या वैशाखात माझ्या आत्याच्या नातीचा बस्ता होता. पाथर्डी तालुक्यातलं गाव. दोन्हीकडची मिळून सत्तावीस माणसं. पुरुष जीपनं आले, बायका एसटीनं, कारण "अर्ध्या तिकिटात येतंय तर जीपला कशाला घालायचे?" हा आत्याचा हिशेब. माळीवाड्याच्या स्टँडला उतरून, विशाल गणपतीला लांबूनच हात जोडून, वेशीतून माणिक चौकाकडं सगळ्या चालत निघाल्या. सकाळी साडेदहाला दुकानाच्या जिन्यापाशी चपलांचा ढीग आणि वर पांढऱ्या गादीवर दोन्ही घरं समोरासमोर. आत्याच्या हातात नातवाची जुनी वही, मागच्या पानांवर यादी. थोरल्या मामीला काठापदराची. धाकट्या जावेला तिच्यापेक्षा पन्नासनंही कमीची नको, नाहीतर वर्षभर ऐकावं लागेल. आजेसासूला नऊवार. गुरवाला टोपी-उपरणं. चुलत्यांना फेटे. तिघी करवल्यांना एकसारख्या, पण रंग वेगळे.

आता त्या गादीवरचा माणूस बघा. पन्नाशीचा, तीस वर्षं तिथंच. सगळ्या बसून पाच मिनिटं होत नाहीत तोवर त्यानं ओळखलं होतं की कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली ती नवरदेवाची आत्या रुसलेली आहे. पहिली घडी त्यानं मोडली ती तिच्यापुढं. "आधी तुम्ही सांगा मावशी, तुमची नजर जाणती दिसती." रुसवा अर्धा तिथंच उतरला. मग माझ्या आत्यानं एका साडीचा काठ ओढला, बोटाला थुंकी लावली आणि पदराच्या आतल्या बाजूनं घासलं. बोट बघितलं. काही बोलली नाही. त्यानंही काही न बोलता ती साडी गुंडाळून मागं टाकली आणि दुसरा गठ्ठा ओढला. तीस वर्षांच्या धंद्यात बोललेलं जितकं, त्याहून न बोललेलं जास्त असतं. दुपारी चहा, भेळ, मुलांना खाऊ, सगळं दुकानातर्फे. साडेचारला यादीतलं शेवटचं नाव खोडलं. अर्धे पैसे रोख दिले. राहिलेल्याचं बोलणं एका वाक्यात झालं: "कांद्याची पट्टी आली की." त्यानं वहीत लिहून घेतलं, कुणाचं आधार कार्ड मागितलं नाही.

हे कुठल्या ॲपवर होतं ते मला दाखवा. सत्तावीस माणसांचा मान कुठल्या कार्टमध्ये टाकायचा? विहिणीनं नाक मुरडलं तर कुठलं बटण दाबायचं? रुसलेल्या आत्याला 'कस्टमर केअर'चा नंबर द्यायचा का?

ऑनलाइननं काहीच नेलं नाही असं मी म्हणत नाही. कॉलेजच्या पोराचा टी-शर्ट गेला, जीन गेली, लहान मुलांचे बूट गेले. ज्या दुकानदारानं फक्त तेवढंच ठेवलं आणि भाव मात्र पुण्याचा लावला, तो बसला, आणि त्याच्यासाठी मी रडणार नाही. पण देशातल्या किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा अजून दहा टक्क्यांच्या आतच आहे, आणि त्या दहातही शालू किती असतील याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. माझ्याच घरी एकदा मोरपंखी म्हणून मागवलेली साडी पोपटी निघाली. परत न्यायला येणारा मुलगा तिसऱ्या दिवशी आला, त्यानं फोटो काढला, आणि लेबल फाटलंय म्हणून निघून गेला. ती साडी अजून कपाटात आहे. कामवाल्या बाईनंही घेतली नाही.

मग येतं पार्किंग. हा तर हुकमाचा एक्का. पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या लक्ष्मी रोडला कधी गाडी लावून दाखवावी. तिथं एक दुचाकी उभी करायला नवस बोलावा लागतो आणि गर्दी तरी हटत नाही. पुणे महापालिका दरवर्षी 11 डिसेंबरला पादचारी दिन म्हणून तोच रस्ता वाहनांना बंद करते, माणसं मधोमध चालतात, आणि त्या दिवशी बाजार उठला असं ऐकिवात नाही. कोल्हापूरचा महाद्वार रोड, संभाजीनगरची गुलमंडी, कुठं आहे ऐसपैस पार्किंग? ज्या बाजारात गाडी सहज लागते तिथं काहीतरी गडबड आहे, असं मी तरी समजतो. आणि कापड बाजारातलं खरं गिऱ्हाईक एसटीनं येतं. 17 मार्च 2023पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याच्या आधीच, ऑगस्ट 2022मध्ये, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट प्रवास झाला. ऑगस्ट 2024पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात पडायला लागले. या योजनांवर तुमचं राजकीय मत काय असेल ते असो. पण गावातल्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा आणि स्वस्त तिकीट एकदमच आलं, हे ज्याला दिसत नाही त्यानं कुठल्याही बाजाराच्या भवितव्यावर बोलू नये. आष्टीला 23 सप्टेंबर 2022ला रेल्वे सुरू झाली, 17 सप्टेंबर 2025ला ती बीडपर्यंत गेली. नगरकडं येणारी वाट रुंद होत चाललीय आणि आपण मात्र दुचाकी कुठं लावायची यावर चर्चासत्र भरवतोय.

तरी पार्किंगचा प्रश्न आहेच म्हणता? ठीक आहे. मग सकाळी दहाला एक फेरी मारा. शटर वर जातं तेव्हा दुकानापुढं पहिली गाडी कुणाची लागते? गिऱ्हाईकाची खचित नसते. शेठजींची असते, त्यांच्या शेजारी मुलाची, मग मॅनेजरची, मग चार नोकरांची. या गाड्या रात्री नऊलाच निघतात. गिऱ्हाईकाची जागा गिळणारा बकासुर घरातलाच निघाला तर महापालिकेवर मोर्चा कशाला?

फेरीवाल्यांबद्दल मला जरा जपून बोलायला हवं, कारण नगरमध्ये या वादाला चटकन भलता रंग चढतो आणि मग कपड्याची गोष्ट बाजूला राहते. त्या गर्दीत अग्निशामक गाडी शिरू शकत नाही, हा मुद्दा खरा आहे आणि तेवढा मी मान्य करतो. पण फेरीवाल्यानं बाजार मारला, हे उलटं गणित आहे. मेलेल्या बाजारात फेरीवाला कशाला येईल? त्याच्याइतकी गर्दीची पारख कुठल्याही सर्व्हे कंपनीला नाही. तो दुपट्टे आणि क्लिपा घेऊन तिथं उभा आहे, हाच बाजार जिवंत असल्याचा दाखला. रस्त्यावरच्या विक्रेत्यांचा कायदा 2014मध्ये झाला. सर्वेक्षण करा, समिती नेमा, जागा आखून द्या, सगळं त्यात लिहिलंय. ते न करता दर चार महिन्यांनी हातगाड्या उचलायच्या आणि आठवड्यानं पुन्हा लागू द्यायच्या, हा खेळ दोन्ही बाजूंना झुलवत ठेवायला बरा पडतो, एवढंच.

आणि सगळं पाडून 'मॉडर्न' करायची ज्यांना घाई आहे त्यांनी दोन गल्ल्या पलीकडं चितळे रोडला जाऊन यावं. तिथलं नेहरू मार्केट असंच नवं संकुल बांधायचं म्हणून पाडलं. जुनं गेलं, नवं काही येईना, जागा वर्षानुवर्षं मोकळी पडून राहिली आणि भाजीवाल्या रस्त्यावर आल्या. त्याच भाजीवाल्यांना आपण मग अतिक्रमण म्हणायला मोकळे. पाडायला आठवडा लागतो. बांधायला किती लागतो ते नगरकरांना कुणी शिकवायला नको.

सावेडीचं कौतुक मलाही आहे. रस्ते रुंद, काचा चकचकीत, एसी गार. पण तिथल्या दुकानांच्या पाट्या किती बदलतात ते मोजलंय कधी? दर दिवाळीला एखादं नवं उद्घाटन, फुलांची कमान, मोठा फ्लेक्स, आणि पुढच्या दिवाळीला त्याच गाळ्यात मोबाइल कव्हर. गाळ्याचं भाडं, बँकेचा हप्ता, दरवर्षीची वाढ, आणि वर सजावटीचं कर्ज. पडत्या वर्षी असं दुकान सहा महिने तग धरत नाही. जुन्या बाजारातलं दुकान बहुतेक घरचं, नाहीतर पागडीचं. पाऊस गेला तर मालक गादीवर बसून पेपर वाचतो, दोन नोकर कमी करतो, आणि पुढच्या मृगाची वाट बघतो. वाट बघता येणं ही धंद्यातली सगळ्यात मोठी ताकद, पण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तिला रकाना नसतो.

आता मला एक सांगा, या बाजाराला खरंच ज्या जखमा झाल्या त्यांची नावं तुमच्या तोंडी कशी येत नाहीत? शंभर वर्षांहून जुनी नगर अर्बन बँक. पेठेतल्या व्यापाऱ्यांची खाती तिथं, कॅश क्रेडिट तिथं, आजोबांच्या ठेवी तिथं. डिसेंबर 2021मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि खातेदाराला दहा हजारांच्या वर काढता येईना. 4 ऑक्टोबर 2023ला परवानाच रद्द. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण होतं, वरच्यांनी काय करायचं? दिवाळीच्या तोंडावर सुरतेला माल भरायला पैसा लागतो, तो असा अडकला. ऐन सीझनला भांडवल गोठलं तर ते अमेझॉनच्या नावावर लिहायचं का?

आणि दुसरी जखम. 8 डिसेंबर 2023ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती उठली 4 मे 2024ला. म्हणजे अख्खी लग्नसराई. नेप्तीच्या उपबाजारात कांदा पडला की कापड बाजारात शालूची घडी मोडत नाही, हे इथल्या गादीवरच्या कुठल्याही नोकराला कळतं. तो सकाळी आधी नेप्तीचा भाव विचारतो, मग देवाला उदबत्ती लावतो. कांद्याचा भाव काय, कारखान्याचं उसाचं पेमेंट कधी पडणार, भंडारदरा-मुळेचं पाणी किती, वैशाखात तिथी किती, या चार गोष्टी विचारल्याशिवाय कापड बाजाराचं पुढच्या वर्षीचं सांगणारा माणूस भोंदू समजावा. त्या चारीतली एकही गोष्ट मोबाइलमध्ये नाही आणि सावेडीतही नाही.

2024मध्ये आमचं गाव कागदावर अहिल्यानगर झालं. एसटीचा कंडक्टर अजून "नगर, नगर" ओरडतो, ते असो. पण जिचं नाव घेतलं ती अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यातल्या चौंडीची लेक. तिनं महेश्वरला विणकर आणून वसवले आणि तिथलं लुगडं साऱ्या हिंदुस्थानात गेलं. तिच्या नावाच्या शहरानं आपल्याच कापड बाजाराला 'संपला' म्हणावं? निदान पाटी लावताना तरी आठवण ठेवायची.

दुकानदारांनाही मी सोडणार नाही. गेल्या पन्नास वर्षांत तुम्ही त्या बाईसाठी काय केलंत, जी सकाळी सहाला घरून निघून तुमच्या गादीवर सहा तास बसते? त्या दिवशी दुपारी माझ्या आत्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "बायकांना जायला कुठं हाये रे इथं?" साठ हजारांचा बस्ता बांधणाऱ्या बाईला मी उत्तर देऊ शकलो नाही. शेवटी दुकानातल्या एका मुलीनं तिला मागच्या वाड्यात, ओळखीच्या घरी नेलं. नंतर कळलं की चौघीजणी सकाळपासून पाणीच प्यायलेल्या नव्हत्या. बाजार मरायचाच असेल तर तो या कारणानं मरेल, आणि मग मात्र मी तुमच्या बाजूनं एक ओळ लिहिणार नाही. हायवेला तीन मजली वस्त्रदालनं झालीत, तिथं टेम्पोला जागा आहे, जेवायला पंगत आहे आणि बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारं दार आहे. कापड बाजाराचा खरा वैरी तो, आणि त्याच्याबद्दल त्या चहाच्या बैठकीत कुणीच बोलत नाही, कारण तिथल्या कुणाच्या आत्याला कापड बाजारात सहा तास बसावं लागलेलं नाही.

तेव्हा दहाव्याला जमलेल्या मंडळींना माझं आमंत्रण आहे. लग्नाच्या दाट तिथीला संध्याकाळी साडेपाचला माळीवाड्याच्या स्टँडवर येऊन उभे राहा. पाथर्डीच्या, जामखेडच्या, आष्टीच्या गाडीत चढणारी गाठोडी मोजा. त्या दिवशी आमच्या बायकांनी आठ आणली होती. कंडक्टर ओरडला, "एवढी बोचकी कुठं घालू बाई, माणसं चढू ऱ्हायली!" आत्या खिडकीतून म्हणाली, "माणसं उभी ऱ्हातील. साड्या चुरगाळत्यात." आणि तिनं सगळ्यात वरचं गाठोडं, नवरीच्या शालूचं, मांडीवर घेतलं.

मोजून झाली की परत जाताना त्या रस्त्यावर बायकांना जायला जागा कुठं आहे तेही शोधून ठेवा. आत्याच्या धाकट्या नातवाचं जमलंय. तुळशीचं लग्न झालं की ती बस्त्याला पुन्हा येणार आहे.